एच.आय.व्ही. प्रतिबंधक सेवांचा विस्तार आणि औषध दुकानांची भूमिका : एक विवेचन

सारांश

एच.आय.व्ही. संसर्ग टाळण्याची परिणामकारक साधने आज उपलब्ध आहेत. मात्र ती ज्या व्यक्तीला हवी आहेत तिच्यापर्यंत वेळेत पोहोचतातच असे नाही. वस्तीवस्तीतील औषध दुकान ही आरोग्यव्यवस्थेची नागरिकांना सर्वांत जवळची जागा असूनही एड्स नियंत्रण कार्यक्रमात तिचा उपयोग अल्प प्रमाणात झाला आहे. फ्रान्स, अमेरिका व केनिया येथील अनुभव, भारतातील क्षयरोग कार्यक्रमाचा धडा आणि आपल्याकडील कायद्याची चौकट यांच्या आधारे औषध दुकानांमार्फत कोणत्या सेवा देता येतील, कोणत्या देता येणार नाहीत आणि त्यासाठी कोणती पूर्वतयारी आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : एच.आय.व्ही. प्रतिबंध, औषध दुकान, औषधनिर्माता, प्रेप, पेप, गोपनीयता, समुपदेशन.

१. प्रस्तावना

भारतात एच.आय.व्ही. संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे झाली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली व राष्ट्रीय कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. १ एप्रिल २००४ पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी औषधोपचार मिळू लागले, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा त्यात समावेश होता. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. या प्रयत्नांचे फळ दिसते आहे. नवीन संसर्गाचे प्रमाण शतकाच्या प्रारंभीच्या तुलनेत बरेच खाली आले आहे.

तथापि, समस्या संपलेली नाही. नॅकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत होत्या आणि त्या एका वर्षात सुमारे ६३ हजार व्यक्तींना नव्याने लागण झाली. राज्यनिहाय विचार करता सर्वाधिक म्हणजे सुमारे ३ लाख ९४ हजार बाधित व्यक्ती महाराष्ट्रात होत्या. उपचार मोफत व परिणामकारक झाले असतानाही दरवर्षी हजारो व्यक्तींना नव्याने लागण होत असेल, तर आपली प्रतिबंधक सेवा कोणापर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी व्यक्ती, शिरेतून अमली पदार्थ घेणारे, स्थलांतरित मजूर व ट्रकचालक यांच्यासाठी कार्यक्रमात स्वतंत्र प्रकल्प आहेत. ज्या व्यक्ती स्वतःला यांपैकी कोणत्याही गटात मोजत नाहीत, त्यांना मात्र या प्रकल्पांचा दरवाजा आपला वाटत नाही. गावाहून शहरात आलेला पदवीचा विद्यार्थी, नवऱ्याच्या वागण्याबद्दल शंका असलेली गृहिणी, आडवळणाच्या तालुक्यातील दुकानदार हे सहसा कोणत्याही प्रकल्पाच्या यादीत नसतात. परंतु ते सर्वजण औषध दुकानात जातात. प्रस्तुत लेखाचा विचार येथून सुरू होतो.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) एच.आय.व्ही. प्रतिबंधाची साधने व त्यांच्या वापरातील कालमर्यादा स्पष्ट करणे. (आ) औषध दुकानांमार्फत या सेवा देण्याच्या परदेशातील प्रयोगांचा आढावा घेणे. (इ) भारतीय कायदा व व्यवहार यांच्या संदर्भात या कल्पनेच्या शक्यता व मर्यादा तपासणे. (ई) महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. ‘औषध दुकान’ या शब्दाने येथे रुग्णालयाबाहेरील, नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली चालणारे किरकोळ विक्रीचे परवानाधारक दुकान अभिप्रेत आहे. सामान्य बोलीत आपण त्यालाच ‘मेडिकल’ म्हणतो.

३. प्रतिबंधाची साधने आणि त्यांचे कालमान

प्रतिबंध म्हटला की कंडोम एवढेच चित्र अजूनही अनेकांच्या मनात असते. वस्तुतः आज प्रतिबंध ही अनेक साधनांची साखळी आहे आणि तिच्यातील प्रत्येक कडीला वेळेचे स्वतंत्र बंधन आहे.

पहिले साधन कंडोम. संबंधाच्या क्षणी ते हाताशी असावे लागते. १९६८ मध्ये कुटुंबनियोजनासाठी सुरू झालेले ‘निरोध’ किराणा दुकाने व पानटपऱ्यांपर्यंत नेण्यात आले, त्यामागे हेच व्यावहारिक शहाणपण होते. कंडोम इतर लैंगिक आजारांपासून व नको असलेल्या गर्भधारणेपासूनही संरक्षण देतो. पुढे सांगितलेल्या गोळ्या हे करीत नाहीत.

दुसरे साधन निर्जंतुक सुई व सिरिंज. शिरेतून अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्तींमध्ये एकच सुई अनेकांनी वापरल्याने संसर्ग झपाट्याने पसरतो. मणिपूर, मिझोराम व पंजाब या राज्यांत हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे.

तिसरे साधन चाचणी. आपली स्थिती माहीत असलेली बाधित व्यक्ती उपचार घेऊ लागते. नियमित उपचाराने रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजता येणार नाही इतके कमी झाले व तसेच टिकले, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. म्हणून चाचणी हे निदानाइतकेच प्रतिबंधाचेही साधन होय. मात्र लागण झाल्यानंतर काही आठवडे चाचणीत ती दिसत नाही. हा ‘गवाक्ष काळ’ लक्षात न घेता एका नकारात्मक अहवालावर निश्चिंत राहणे धोक्याचे असते.

चौथे साधन संपर्कोत्तर प्रतिबंध, ज्याला ‘पेप’ म्हणतात. असुरक्षित संबंध, लैंगिक अत्याचार किंवा रुग्णालयात सुई टोचणे अशा घटनेनंतर शक्य तितक्या लवकर, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावी लागतात. शरीरात शिरलेला विषाणू पेशींमध्ये कायमचा रुजण्यापूर्वी त्याची वाढ रोखणे हे यामागील तत्त्व आहे. येथे कालमर्यादा अत्यंत कठोर आहे. शनिवारी रात्री घटना घडली, रविवार सुट्टीत गेला, सोमवारी कोणत्या खिडकीशी जायचे हे कळले नाही, तर मंगळवारी रात्री ही संधी संपते.

पाचवे साधन संपर्कपूर्व प्रतिबंध म्हणजे ‘प्रेप’. टेनोफोविर व एमट्रिसिटाबिन या दोन औषधांची एकत्रित गोळी बाधा नसलेल्या व्यक्तीने दररोज घेतल्यास विषाणूला स्वतःची प्रत तयार करण्यासाठी लागणारे विकर निष्प्रभ होते व संसर्ग रुजत नाही. नियमित घेतल्यास लैंगिक मार्गाने होणारा संसर्ग टाळण्यात या गोळीची परिणामकारकता सुमारे ९९ टक्के मानली जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये या वापरास मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. गोळी सुरू करण्यापूर्वी व्यक्तीला एच.आय.व्ही. नसल्याची खात्री, मूत्रपिंडाच्या कार्याची व कावीळ-बी ची तपासणी आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी फेरचाचणी आवश्यक असते. आधीच लागण झालेल्या व्यक्तीने केवळ ही गोळी घेतली, तर विषाणू औषधाला दाद न देणारा बनू शकतो. वर्षातून दोनदा टोचावयाच्या लेनाकापाविर या औषधालाही जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली व जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

भारतात प्रेपचा वापर होऊ शकतो काय, या शंकेचे उत्तर देशातच मिळाले आहे. कोलकात्यात दरबार महिला समन्वय समिती व म्हैसुरू येथे अशोदया समिती या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी राबविलेल्या प्रात्यक्षिक प्रकल्पांत दोन्ही मिळून सुमारे तेराशे स्त्रियांनी ही गोळी घेतली. तेथे नियमितपणा उत्तम राहिला आणि प्रकल्पकाळात एकाही सहभागी स्त्रीला लागण झाली नाही. विश्वासाच्या माणसाने विश्वासाच्या जागी दिलेली सेवा स्वीकारली जाते, हा त्याचा मथितार्थ होय.

४. सरकारी केंद्र आणि औषध दुकान : दरी कोठे आहे?

एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे, सुरक्षा क्लिनिक व एआरटी केंद्रे यांचे जाळे आपल्याकडे विस्तृत आहे. तेथील सेवा मोफत आहे आणि समुपदेशक प्रशिक्षित आहेत. त्यांच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तेथे पोहोचण्यासाठी नागरिकाला काही पायऱ्या चढाव्या लागतात. बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत कामावरून सुट्टी काढणे, केसपेपर काढणे, रांगेत उभे राहणे आणि सर्वांना ठाऊक असलेल्या त्या विशिष्ट खोलीच्या दारात बसणे या त्या पायऱ्या होत. तालुक्याच्या गावी शेवटची पायरी सर्वांत अवघड असते.

औषध दुकानात यांपैकी काहीच नसते. ते रात्री उशिरापर्यंत उघडे असते, तेथे जाण्याचे कारण कोणी विचारीत नाही आणि डोकेदुखीची गोळी घेणारा व कंडोम घेणारा एकाच काउंटरसमोर उभे असतात. शिवाय धोक्याच्या खुणा सर्वप्रथम तेथेच उमटतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी मागणारी व्यक्ती नुकत्याच झालेल्या असुरक्षित संबंधाविषयी अप्रत्यक्षपणे सांगत असते. ती गोळी गर्भधारणा टाळते, संसर्ग टाळत नाही, आणि पेपसाठीचे ७२ तास तेव्हा चालूच असतात. लघवीच्या जागी जळजळ वा स्राव होतो म्हणून प्रतिजैविक मागणारा तरुणही लैंगिक आजाराची सूचना देत असतो. असा आजार असताना एच.आय.व्ही. संसर्गाचा धोका वाढतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये त्याला लक्षणानुसार ठरवून दिलेल्या रंगाच्या वेष्टनातील योग्य औषधांचा संच मोफत मिळू शकतो, हे त्याला माहीत नसते. आज हे दोन्ही व्यवहार बहुधा अर्ध्या मिनिटात, वस्तू कागदात गुंडाळून, एकही प्रश्न न विचारता पूर्ण होतात. या अर्ध्या मिनिटात एक योग्य वाक्य बोलले जाईल काय, एवढाच मर्यादित परंतु महत्त्वाचा प्रश्न आहे.

५. परदेशातील अनुभव

फ्रान्स : औषध दुकान व एच.आय.व्ही. प्रतिबंध यांचा संबंध नवा नाही. फ्रान्समध्ये सिरिंज खरेदीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट होती. परिणामी अमली पदार्थ घेणारे एकच सुई वाटून घेत. मे १९८७ मध्ये आरोग्यमंत्री मिशेल बार्झाक यांनी ही अट स्थगित केली व औषध दुकानातून सिरिंज खुली विकली जाऊ लागली. नवीन इमारत उभारावी लागली नाही की नवीन कर्मचारी नेमावा लागला नाही. केवळ एका नियमातील बदलाने देशभरची दुकाने प्रतिबंधाची केंद्रे बनली.

अमेरिका : सिएटल शहरातील केली-रॉस या औषध दुकानाने २०१४ मध्ये ‘वन-स्टेप प्रेप’ ही सेवा सुरू केली. डॉक्टरांशी लेखी सहकार्य करार करून औषधनिर्माते स्वतःच इतिहास नोंदविणे, रक्त नमुने घेणे, गोळी देणे व पाठपुरावा करणे ही कामे करू लागले. सुरुवातीच्या काही वर्षांत सुमारे ७०० व्यक्तींनी येथे प्रेप सुरू केले, त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींना पहिल्याच भेटीत औषध मिळाले आणि सेवेत असताना कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही. एकाच ठिकाणी एकाच दिवशी सर्व काही होणे हे या प्रयोगाचे बळ होते.

कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०१९ मध्ये कायदा करून प्रशिक्षित औषधनिर्मात्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेपचा पूर्ण कोर्स व प्रेपचे ३० ते ६० दिवसांचे औषध देण्याचा अधिकार दिला. २०२४ च्या सुधारणेने ही मुदत ९० दिवसांपर्यंत व काही अटींवर त्यापुढेही वाढविली. तथापि, अधिकार मिळूनही आरंभी फार थोड्या दुकानांनी ही सेवा सुरू केली. समुपदेशनाच्या वेळेचा मोबदला, बोलण्यासाठी आडोसा, प्रशिक्षण व मनुष्यबळ यांची सोय कायद्यासोबत झाली नव्हती. कायदा बदलणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही, हा कॅलिफोर्नियाचा धडा होय.

केनिया : भारतीय परिस्थितीशी अधिक जुळणारे उदाहरण केनियाचे आहे. किसुमू व थिका परिसरातील १२ खाजगी औषध दुकानांत २०२० पासून एक पथदर्शी प्रयोग झाला. दुकानातील कर्मचारी तपासणी सूचीच्या आधारे धोका पडताळीत, स्वयंचाचणी करवून घेत व दूरस्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेप देत. ग्राहक त्यासाठी ३०० शिलिंग म्हणजे सुमारे ३ डॉलर मोजत. सरकारी दवाखान्यात हेच औषध मोफत असतानाही जवळपास ३०० व्यक्तींनी दुकानातून ते सुरू केले. खाजगीपणा व वेळेची बचत यांना सामान्य माणूस पैशांत मोल देतो, हे यावरून दिसते. महिन्याभरानंतर मात्र त्यांतील निम्म्याहून थोडे अधिकच परत आले. सेवा सुरू करण्यापेक्षा ती टिकविणे अवघड असते.

६. भारतातील पूर्वानुभव : क्षयरोग कार्यक्रमाचा धडा

औषध दुकानांना सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडण्याचा अनुभव आपल्याकडे आहे. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने मुंबईत औषधनिर्मात्यांना डॉट्स कार्यक्रमात सामील करून घेतले. खोकल्याचे औषध वारंवार नेणाऱ्या ग्राहकाला थुंकी तपासणीस पाठविणे आणि रुग्णाला आपल्या देखरेखीत औषध देणे ही कामे त्यांनी केली. २०१२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर औषधनिर्मात्यांच्या व औषधविक्रेत्यांच्या संघटना आणि केंद्रीय क्षयरोग विभाग यांच्यात यासंबंधी करार झाला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयरोगाची औषधे देणाऱ्या दुकानांवर रुग्णाची नोंद कळविण्याची जबाबदारी आली.

नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दिल्ली, मुंबई व पाटणा येथील ६२२ औषध दुकानांत प्रशिक्षित ‘बनावट ग्राहक’ पाठवून केलेला अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्षयरोगाची लक्षणे सांगणाऱ्या ग्राहकाला केवळ १३ टक्के प्रसंगी आदर्श वागणूक, म्हणजे प्रतिजैविक न देता डॉक्टरांकडे पाठवणी, मिळाली. परंतु हाती प्रयोगशाळेचा सकारात्मक अहवाल असलेल्या ग्राहकाच्या बाबतीत हेच प्रमाण ६२ टक्के झाले. क्षयरोगाची औषधे मात्र एकाही दुकानाने चिठ्ठीविना दिली नाहीत. यातून दोन निष्कर्ष निघतात. दुकानदार बेफिकीर असतो असे सरसकट म्हणणे चूक आहे. आजाराचे गांभीर्य स्पष्ट झाल्यावर त्याचे वर्तन बदलते. तसेच, त्याच्या हाती स्पष्ट निकष दिल्याशिवाय त्याच्यावर नवी जबाबदारी टाकणेही चूक आहे.

क्षयरोग व एच.आय.व्ही. यांत एक मूलभूत भेद आहे. क्षयरोगाच्या रुग्णाचे नाव यंत्रणेला कळविणे कायद्याला अपेक्षित आहे; एच.आय.व्ही.च्या बाबतीत व्यक्तीची ओळख जपणे हीच कायद्याची अपेक्षा आहे. म्हणून डॉट्सचे प्रारूप जसेच्या तसे येथे आणता येणार नाही.

७. कायद्याची चौकट

या विषयाशी तीन कायदे निगडित आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० व त्याखालील नियमांनुसार अनुसूची ‘एच’ मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देता येतात. पेप व प्रेपची औषधे याच वर्गात मोडतात. त्यामुळे आजच्या स्थितीत औषधनिर्मात्याला ती स्वतःच्या अधिकारात देता येत नाहीत आणि त्याने ती देऊही नयेत.

फार्मसी कायदा, १९४८ खाली २०१५ मध्ये आलेल्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य मानले आहे. म्हणजे सल्ला देण्यासाठी नवीन परवानगीची गरज नाही.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि संमतीच्या प्रक्रियेत चाचणीपूर्व व चाचणीनंतरचे समुपदेशन अंतर्भूत आहे. व्यक्तीची एच.आय.व्ही.विषयक स्थिती उघड करण्यास, कायद्याने सांगितलेले अपवाद वगळता, मनाई आहे. बाधित व्यक्तीशी सेवा देताना भेदभाव करणे बेकायदेशीर आहे. याच कायद्याच्या कलम २२ ने धोका कमी करणाऱ्या उपायांना, उदाहरणार्थ कंडोम वाटप वा निर्जंतुक सुया पुरविणे, गुन्हा ठरण्यापासून संरक्षण दिले आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आणले, त्यामुळेही मदत मागण्यातील भीतीचे एक कारण दूर झाले.

सारांश, माहिती, कंडोम, सिरिंज, सल्ला व योग्य केंद्राकडे पाठवणी ही कामे औषध दुकान आजच्या कायद्यात राहूनच करू शकते. पेप व प्रेप यांसाठी डॉक्टरांशी जोडणी किंवा नियमांत बदल आवश्यक आहे.

८. मर्यादा व धोके

पहिली मर्यादा गोपनीयतेची आहे. दुकान जवळ असते, पण दुकानदारही ओळखीचा असतो. लहान गावात तो वडिलांचा मित्र वा सासरचा नातेवाईक असू शकतो. काउंटरवर शेजारी आणखी चार ग्राहक उभे असतात. चिठ्ठीवरील औषधाच्या बिलावर नाव येते. मोठ्या शहरातील अनामिकता गावातील दुकानाला नसते, म्हणून जी सेवा मुंबईत सोयीची ठरेल तीच तालुक्यात अडचणीची ठरू शकते. कागदात गुंडाळून दिलेले पाकीट लाज झाकते. गोपनीयता म्हणजे तेवढेच नव्हे.

दुसरी मर्यादा मनुष्यबळाची आहे. परवान्यावरील औषधनिर्माता प्रत्यक्ष दुकानात हजर नसणे व विक्री मदतनिसांनी सांभाळणे हा आपल्या व्यवसायातील जुना दोष आहे. ज्या दुकानात औषधनिर्माताच उपस्थित नाही तेथे समुपदेशनाची अपेक्षा निरर्थक ठरते. स्त्री ग्राहकाला पुरुष विक्रेत्याशी या विषयावर बोलणे कठीण जाते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

तिसरी मर्यादा आर्थिक आहे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार किंमत नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के ठरविलेला आहे. दुकानदाराचे उत्पन्न वस्तूच्या विक्रीवर आहे, सल्ल्यावर नाही. एका ग्राहकाला दहा मिनिटे दिली तर त्याचा मोबदला कोठूनही मिळत नाही. उलट, प्रतिजैविक न विकता ग्राहकाला मोफत सरकारी केंद्राकडे पाठविणे म्हणजे उत्पन्नावर पाणी सोडणे होय. ही विसंगती मान्य न करता केवळ सेवाभावाचे आवाहन केल्यास ते फार काळ टिकणार नाही.

चौथा धोका वैद्यकीय आहे. एच.आय.व्ही.चे निदान एका चाचणीवर होत नाही. राष्ट्रीय पद्धतीनुसार लक्षणे नसलेल्या व्यक्तीत वेगवेगळ्या तत्त्वांवर आधारित तीन चाचण्यांनी खात्री केली जाते. दुकानातील वा घरातील स्वयंचाचणी ही केवळ प्राथमिक पडताळणी होय. तिचा निष्कर्ष सकारात्मक आल्यावर व्यक्ती एकटी पडू नये, यासाठी पुढील दुवा आधीच तयार असला पाहिजे. दुवा नसलेली चाचणी ही सेवा नव्हे.

९. सुचविलेली उपाययोजना

वरील विवेचनावरून टप्प्याटप्प्याने पुढे जाणे श्रेयस्कर वाटते.

पहिल्या टप्प्यात कोणताही नियम न बदलता निवडक दुकानांतील औषधनिर्मात्यांना अल्पकालीन प्रशिक्षण द्यावे. तातडीची गर्भनिरोधक गोळी, लैंगिक आजाराची औषधे व सिरिंज यांच्या ग्राहकांशी काय व किती बोलावे, याचा मराठीतील छोटा तक्ता त्यांच्या हाती असावा. जवळचे चाचणी केंद्र, सुरक्षा क्लिनिक, एआरटी केंद्र यांचे पत्ते व १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी छापलेले, नाव न लिहिलेले कार्ड पिशवीत टाकता येईल. ग्राहकाला तोंडाने काही विचारावे न लागता माहिती मिळेल, हा त्याचा लाभ आहे.

दुसऱ्या टप्प्यात राज्य एड्स नियंत्रण संस्था, अन्न व औषध प्रशासन आणि विक्रेत्यांच्या संघटना यांनी मिळून काही जिल्ह्यांत पेपचा दुवा उभारावा. दुकानातून दूरध्वनीवर डॉक्टरांशी सल्लामसलत, डॉक्टरांची चिठ्ठी व त्याच ठिकाणी पहिल्या काही दिवसांची औषधे, असा क्रम बसविल्यास सुट्टीच्या दिवशीही ७२ तासांची मर्यादा पाळता येईल. उरलेला कोर्स व चाचण्या एआरटी केंद्रात व्हाव्यात. या सेवेसाठी दुकानाला प्रति व्यक्ती ठराविक मानधन द्यावे.

तिसऱ्या टप्प्यात, पहिल्या दोहोंचे मूल्यमापन झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखालील प्रेपचा विचार करावा. गोपनीयतेचा भंग झाल्यास तक्रार कोठे करावी, हे ग्राहकाला दुकानातच दिसेल अशी तजवीज प्रत्येक टप्प्यात असावी.

महाविद्यालयांची भूमिका येथे महत्त्वाची आहे. डी.फार्म.च्या २०२० च्या शिक्षण विनियमांत ‘सामाजिक औषधनिर्माणशास्त्र’ व ‘सामुदायिक फार्मसी आणि व्यवस्थापन’ हे विषय आले आहेत. त्यांच्या प्रात्यक्षिकांत समुपदेशनाचे संवाद मराठीतून करवून घेणे सहज शक्य आहे. भाषा विभागांनी या संवादांची शब्दकळा घडविण्यास मदत करावी, कारण लैंगिक आरोग्याविषयी आपल्याकडे एकतर शिवराळ किंवा अतिसंस्कृतप्रचुर शब्द आहेत. काउंटरवर बोलता येईल अशी मधली भाषा अद्याप घडावयाची आहे. समाजशास्त्र व समाजकार्य विभागांना परिसरातील दुकानांचे सर्वेक्षण हाती घेता येईल. रेड रिबन क्लब व राष्ट्रीय सेवा योजनेचे उपक्रम १ डिसेंबरच्या फेरीपुरते न ठेवता आपल्याच विद्यार्थ्यांना पेप, प्रेप व चाचणी यांची अचूक माहिती देणारे झाले, तर त्यांचे सार्थक होईल.

१०. समारोप

२००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने वर्षाला ३५० डॉलर इतक्या कमी किमतीत एच.आय.व्ही.ची औषधे देऊ करून जगातील उपचारांचे अर्थकारण बदलले. आजही जगातील गरीब देशांत जाणारी ही औषधे मोठ्या प्रमाणावर भारतातच बनतात. औषध बनविण्यात आपण अग्रेसर आहोत. ते गरजूच्या हाती वेळेत पोहोचविण्यात मात्र मागे आहोत. औषध दुकान हे अंतर एकट्याने भरून काढू शकणार नाही. ते सरकारी केंद्राला पर्यायही नव्हे. ते केंद्राकडे नेणारे जवळचे दार होऊ शकते. त्यासाठी प्रशिक्षित व प्रत्यक्ष उपस्थित औषधनिर्माता, त्याच्या वेळेचा मोबदला, गोपनीयतेची हमी आणि पुढील उपचाराशी पक्का दुवा या चार गोष्टी आवश्यक आहेत. यांपैकी एकही गोष्ट गाळून केलेला विस्तार कागदोपत्री दुकानांची संख्या वाढवील, टळलेल्या संसर्गांची नव्हे.